ओट्यावरची जागा कोणाला?

व्यापारी घराण्यांत दुकानाची खरेदी आणि घराची खरेदी यांना दोन वेगळे न्याय लागतात, ही जुनीच गोष्ट आहे. दुकानात माल भरताना तो कोण घेणार, किती दिवसांत उठणार, जागा किती अडवणार आणि न खपल्यास परत जाणार की नाही, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय मालक सौदा करीत नाही. तोच मालक दिवाळीच्या सवलतीत स्वयंपाकघरासाठी एखादे यंत्र आणतो, तेव्हा यांतील एकही प्रश्न विचारला जात नाही. त्याचा परिणाम माळ्यावर पाहावयास मिळतो. सँडविच टोस्टर, रोटीमेकर, ज्यूसर, लग्नात आलेला ओव्हन, अशी खोकी तेथे वर्षानुवर्षे एकमेकांवर रचलेली असतात. दुकानाच्या भाषेत हा पडून राहिलेला माल होय. फरक इतकाच, की वर्षअखेरीस शिल्लक मालाची यादी करताना त्याची नोंद कोणी घेत नाही.

अलीकडे या खोक्यांत नवी भर पडली आहे. इंडक्शन शेगडी, मायक्रोवेव्ह, ओटीजी, एअर फ्रायर आणि विजेवर चालणारा प्रेशर कुकर ही पाच यंत्रे आज बहुतेक दुकानांत एका रांगेत मांडलेली दिसतात. किमती दोन-अडीच हजारांपासून वीस हजारांच्या पुढेपर्यंत जातात. प्रत्येकाचा विक्रेता आपलेच यंत्र सर्व काही करते असे सांगतो. ओटा मात्र पूर्वीएवढाच आहे. गॅसची शेगडी, मिक्सर आणि पाण्याचे यंत्र मांडून झाल्यावर त्यावर जेमतेम एका नव्या यंत्रापुरती जागा उरते. ती कोणाला द्यावी, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु एखाद्या घरात त्याच्याशी कोणाचे तरी रोजचे जेवण बांधलेले असते.

नगर जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावात असे एक घर आहे. खाली आडतीचे दुकान, वर राहते घर. घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आई, त्यांचा मुलगा, सून आणि पुण्यास अभियांत्रिकी शिकणारा नातू. आईंचा चौविहार गेली पन्नास वर्षे चुकलेला नाही. पूर्वी सून पूर्ण वेळ घरी असे, त्यामुळे सूर्यास्ताआधी ताट वाढणे अवघड नव्हते. पुढे दिवाणजी निवृत्त झाले, हिशेब संगणकावर आले, जीएसटीची विवरणपत्रे वेळेवर जाऊ लागणे अपरिहार्य झाले आणि ते काम सुनेने अंगावर घेतले. ती ते उत्तम करते. पण वर यावयास तिला साडेसहा-पावणेसात होतात.

आषाढात हे खपून गेले. जुलैच्या आरंभी त्या भागात सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो. नोव्हेंबरअखेरीस मात्र तो सहाच्या थोडा आधीच मावळतो. आणि नेमके तेच दिवस नव्या मालाच्या आवकेचे, म्हणजे दुकानातील गर्दीचे. त्या हिवाळ्यात आईंनी संध्याकाळी दोन खाकरे आणि पेलाभर दूध घ्यावयास सुरुवात केली. सुनेने विचारले की उत्तर ठरलेले असे, “अगं, भूकच नव्हती. तू काळजी करू नकोस.” गॅसजवळ उभे राहून खिचडी लावणे त्यांना आता झेपत नव्हते. हाताला कंप होता आणि एकदा बटण अर्धवट बंद राहिल्यापासून त्यांची त्यांनाच भीती बसली होती. माघात नेहमीच्या तपासणीस नेले तेव्हा वजन चार किलोंनी उतरलेले आढळले. डॉक्टरांनी औषध वाढवले नाही. संध्याकाळी त्या काय जेवतात, एवढेच विचारले. त्या प्रश्नाला कोणाला चटकन उत्तर देता आले नाही.

त्या रात्री घरात बैठक बसली. मुलाने मायक्रोवेव्ह सुचवला. नातवाने फोनवरून एअर फ्रायरचे नाव घेतले. सुनेच्या मनात इंडक्शन होते. तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते, म्हणून प्रत्येक यंत्र नेमके काय करते, हे शांतपणे पाहणे आवश्यक ठरले.

मायक्रोवेव्हचा जन्म रडारच्या तंत्रातून झाला. रेथिऑन या अमेरिकी कंपनीतील पर्सी स्पेन्सर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मॅग्नेट्रॉनच्या लहरींनी अन्न तापते हे हेरले आणि १९६७ साली ओट्यावर मावेल असा घरगुती नमुना अमेरिकेत बाजारात आला. त्यातील २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी अन्नातील पाण्याच्या रेणूंना हलवतात आणि त्या हालचालीतून उष्णता निर्माण होते. भांडे तापवून मग अन्न तापवण्याचा वळसा वाचतो, म्हणून वाटीभर भाजी दोन मिनिटांत गरम होते. परंतु त्यात रंग येत नाही, खमंगपणा येत नाही आणि फुलका चिवट होतो. आपल्या घरांतील बहुतेक भांडी स्टीलची. ती त्यात चालत नाहीत. काचेची किंवा चिनी मातीची जड भांडी कंप असलेल्या हातांनी उचलणे हे वेगळेच संकट. शिवाय मायक्रोवेव्ह मुळात गरम करणारे यंत्र. सकाळी केलेला भात संध्याकाळपर्यंत ओट्यावर तसाच ठेवून गरम करणे प्रकृतीस चांगले नाही. शिजलेल्या भातात टिकून राहणारे काही जंतू कोमट हवेत वाढतात आणि त्यांनी निर्माण केलेले विष पुन्हा गरम केल्याने हमखास जात नाही. भात दोन तासांच्या आत थंड करून फ्रिजमध्ये ठेवला, तरच दुपारचे अन्न संध्याकाळी निर्धास्तपणे वापरता येते.

एअर फ्रायरचे नाव फसवे आहे. फिलिप्स कंपनीने तो २०१० साली बाजारात आणला. त्यात तळणे असे काही होत नाही. वर तापलेली तार, तिच्यामागे जोरदार पंखा आणि खाली जाळीची टोपली, असा तो लहानसा वाऱ्याचा ओव्हन आहे. गरम हवा वेगाने फिरल्यामुळे पदार्थाचा पृष्ठभाग लवकर सुकतो आणि कुरकुरीत होतो. थोड्या तेलात कोथिंबीर वडी, मेथीचे मुठिये, कच्च्या केळ्याचे काप, मखाणे यांत उत्तम होतात, यात शंका नाही. पण सोबतच्या पुस्तिकेतील पहिले चित्र बटाट्याच्या फ्राइजचे असते, आणि ज्या घरात बटाटा येतच नाही तेथे यंत्राचे निम्मे कौतुक तेथेच संपते. चार लिटरच्या टोपलीत एका थरात दोघा-तिघांपुरताच पदार्थ मावतो. सहा-आठ जणांसाठी तीन घाणे काढावे लागतात. मुख्य म्हणजे त्यात डाळ शिजत नाही, भात होत नाही, कढी होत नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या दातांना कुरकुरीत पदार्थांचा उपयोगही बेताचाच.

ओटीजी, म्हणजे तारांवर तापणारी भट्टी, हे भाजण्याचे साधन. बिस्किटे, नानकटाई, हांडवो यांसाठी त्याला तोड नाही. परंतु आधी दहा मिनिटे तापवणे, मग अर्धा-पाऊण तास भाजणे, आणि तेवढा वेळ बाहेरचा पत्राही चटका बसण्याइतका गरम राहणे, हे एकट्या वृद्धेच्या संध्याकाळी बसणारे नव्हते.

इंडक्शनचा दावा मजबूत होता. काचेखालील वेटोळ्यातून वेगाने दिशा बदलणारा विद्युतप्रवाह जातो, त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडातच प्रवाह निर्माण होतो आणि भांडे स्वतः तापते. ज्योत नाही, वायूची गळती नाही. भांडे उचलले की तापवणे थांबते. नातवाने येथे कागद पुढे ओढून हिशेब मांडला. १४.२ किलोच्या सिलिंडरमधील वायूची एकूण उष्णता सुमारे १८० युनिट विजेइतकी भरते. चांगल्या बर्नरवर त्यांतील सुमारे ६८ टक्केच भांड्यापर्यंत पोहोचते, बाकीची ओट्याची हवा तापवते. इंडक्शनवर सुमारे ८५ टक्के पोहोचते. म्हणजे एका सिलिंडरचे काम इंडक्शनवर साधारण १४५ युनिटांत होते. सिलिंडर ९०० रुपयांचा धरला तर वीज युनिटास सव्वासहा रुपयांहून स्वस्त असेल तेथे इंडक्शन परवडते, महाग असेल तेथे गॅस. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर वापरानुसार टप्प्याटप्प्याने वाढतो, म्हणून हा हिशेब प्रत्येकाने आपल्या देयकातील शेवटच्या टप्प्याच्या दराने करावयाचा. पहिल्या टप्प्याच्या दराने केलेला हिशेब दिशाभूल करतो.

तरीही इंडक्शन मागे पडले, आणि पैशांमुळे नव्हे. घरातला कुकर ॲल्युमिनियमचा होता. त्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला नाही. पितळेची पातेलीही निरुपयोगी ठरली. नवी भांडी घेता आली असती, पण खरी अडचण काचेवरच्या बटणांची होती. शेजारच्या घरी आईंनी ती दाबून पाहिली. म्हातारपणी कोरड्या पडलेल्या बोटांची हाक त्या काचेला ऐकूच जाईना. तीनदा दाबल्यावर चालू झाली, चौथ्यांदा चुकून बंद झाली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “हिला माझी ओळख पटत नाही.” त्यानंतर सुनेने इंडक्शनचा आग्रह धरला नाही.

उरला विजेवरचा प्रेशर कुकर. या जातीचा बोलबाला कॅनडात २०१० साली आलेल्या इन्स्टंट पॉटपासून वाढला आणि आता भारतीय कंपन्यांचेही अनेक नमुने मिळतात. आत स्टीलचे काढता येणारे भांडे, खाली तापणारी तबकडी, झाकणाला कुलूप आणि दाब मोजणारी यंत्रणा, अशी त्याची रचना. गॅसवरच्या कुकरमध्ये तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत जाते. यात दाब थोडा कमी असल्याने ते ११५ अंशांच्या आसपास राहते, म्हणून मठ, चवळी, चणे यांना काही मिनिटे जास्त लागतात. वेळ भरली की यंत्र आपोआप थांबते आणि अन्न ६० अंशांच्या वर गरम ठेवते. आत दाब असेपर्यंत झाकण उघडत नाही. शेजारी कोणी उभे राहावे लागत नाही.

आपल्या घरांच्या दृष्टीने याचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढते. तिथींना आणि पर्युषणात ज्या घरांत हिरवी भाजी वर्ज्य असते, तेथे मूग, मठ, चणे आणि डाळी यांवरच स्वयंपाक उभा असतो. तळण हे सणाचे. डाळ मात्र रोजची. रोजच्या कामाचे यंत्र ओट्यावर आणि सणाचे यंत्र माळ्यावर, हा न्याय लावला तर निवड बरीचशी आपोआप होते.

पहिला विरोध आईंचाच झाला. “शिट्टीच होत नाही, तर शिजलं कसं कळायचं?” साठ वर्षे शिट्ट्या मोजून स्वयंपाक केलेल्या कानांचा तो प्रश्न रास्त होता. सुनेने समजावण्याऐवजी आठवडाभर दुपारी वर येऊन त्यांच्या देखत कुकर लावला आणि झाकण उघडण्याचे काम त्यांच्याकडे दिले. चौथ्या दिवशी आईंनी पाण्याचे माप बदलावयास सांगितले. खिचडी त्यांना अधिक आसट हवी होती. ज्या क्षणी त्यांनी माप बदलले, त्या क्षणी यंत्र त्यांचे झाले.

व्यवस्था अशी ठरली. सून सकाळी एका डब्यात निवडलेले डाळ-तांदूळ, दुसऱ्यात मीठ, हळद, जिरे काढून ठेवते. गाळलेले पाणी मापाच्या तांब्यात असते. हे सर्व सकाळीच यंत्रात घालून संध्याकाळची वेळ लावून ठेवण्याची सोय अनेक नमुन्यांत असते, पण ओले धान्य उन्हाळ्यात सात-आठ तास कोमट भांड्यात पडून राहणे बरे नव्हे, म्हणून ती वापरली जात नाही. साडेचारला आई स्वतः धान्य धुऊन घालतात आणि एकच बटण दाबतात. ते बटण काचेवरचे नसून दाबले की टक् वाजणारे आहे. यंत्र निवडताना एवढी एकच अट सुनेने दुकानदारास प्रथम सांगितली होती. सव्वापाचपर्यंत खिचडी तयार होते. फुलके मात्र गॅसवरच होतात आणि ते सकाळच्या जेवणात असतात. एका यंत्राने सर्व करावे ही अपेक्षा सोडल्यामुळे त्या यंत्राचे समाधान लाभले.

जयणेचा विचार येथेही सुटत नाही. शेगडी पेटवण्याआधी ती पुंजणीने झाडून घेण्याची सवय जुन्या पिढीला होती. विजेच्या यंत्रांना वायुवीजनाची छिद्रे असतात, आतील ऊब असते, कण सांडलेले असतात. मुंग्या, झुरळे तेथेच जातात. टोपली, भांडे, झाकणाचे रबर रोज धुऊन पूर्ण वाळवणे आणि चालू करण्यापूर्वी आत-बाहेर पाहून घेणे, एवढे केले तर ती जुनी सवय नव्या यंत्रालाही लागू पडते. जे यंत्र सहज उघडून धुता येत नाही, ते कितीही देखणे असले तरी आपल्या घरासाठी नव्हे.

दुसरी काळजी वायरिंगची. बाजारपेठेतील जुन्या घरांत ती विशेष घ्यावी. साधा ६ अँपिअरचा प्लग सुमारे १३८० वॉटपर्यंतचाच भार पेलतो. १००० वॉटचा कुकर त्यावर चालेल. १५०० वॉटचा एअर फ्रायर किंवा २००० वॉटचे इंडक्शन त्यावर लावणे धोक्याचे आहे. त्यांना १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग आणि नीट अर्थिंग हवे. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर दोन तापणारी यंत्रे लावण्याचा मोह तर कधीच करू नये; खाली दुकानात बारदान आणि धान्य भरलेले असताना तो मोह फारच महागात पडू शकतो.

आता खर्चाकडे पाहू. विजेचा दर युनिटास १० रुपये धरला, तर कुकरच्या एका वापरास पाव युनिट म्हणजे अडीच रुपये, एअर फ्रायरच्या वीस मिनिटांस जास्तीत जास्त पाच रुपये, ओटीजीच्या चाळीस मिनिटांस दहाच्या आत-बाहेर आणि मायक्रोवेव्हच्या चार मिनिटांस एक रुपयाहूनही कमी लागतो. हे फरक इतके लहान आहेत की त्यांवर निवड अडू नये. खरा खर्च घसाऱ्याचा असतो. ७००० रुपयांचे यंत्र वर्षातून ३०० दिवस, पाच वर्षे वापरले तर एका वापरास पाच रुपयांहून कमी पडतात. ८००० रुपयांचे यंत्र वीस वेळा वापरून माळ्यावर गेले, तर प्रत्येक वापर ४०० रुपयांचा होतो. कोणताही व्यापारी हा ताळेबंद क्षणात वाचील. केवळ तो मांडला जात नाही.

या घराचे उत्तर प्रत्येक घराचे उत्तर असेलच असे नाही. पुण्या-मुंबईत शिकणाऱ्या मुलाला एका भांड्याचे इंडक्शन पुरते. ज्या घरात दुपारचे अन्न नीट फ्रिजमध्ये ठेवून संध्याकाळी लवकर जेवणे आहे, तेथे मायक्रोवेव्हच रास्त. ज्या घरात मुले रोज बाहेरचे तळलेले मागतात, तेथे एअर फ्रायर आपली किंमत वर्षभरात वसूल करील. यंत्राची तुलना यंत्राशी करून उत्तर मिळत नाही. ती घरातल्या माणसाशी आणि त्याच्या वेळेशी करावी लागते. ज्याच्या नावे पावती फाटणार त्याचे मत घरात सहज विचारले जाते. ज्याच्या ताटात ते अन्न पडणार आणि ज्याच्या बोटाने ते बटण दाबले जाणार, त्याला आधी विचारावे. भूक नाही असे तो सांगत असेल, तर दोनदा विचारावे.